कोपऱ्यातली प्रेस

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू फोन आपटलास त्याचं मला वाईट वाटलेलं नाही. म्हणजे वाटलं, पण हे पत्र त्यासाठी नाही. बोलायला लागले की तू "आई, मी शॉपवर आहे" म्हणतोस, म्हणून लिहितेय.

त्या सेफ्टीवाल्या मुलीला तुला न विचारता बोलावलं, ही माझी चूक. पण तू तिला चहा पाजून दारातूनच वाटेला लावलंस. अरे, ती काही फॅक्टरी इन्स्पेक्टर नव्हे, नोटीस द्यायला. शीवच्या श्रम संस्थेत कोर्स केलेली पोर, आपल्यासारख्यांची छोटी वर्कशॉप्स बघते, कुठे काय होऊ शकतं ते सांगते. "आमच्याकडे वीस माणसं भरत नाहीत, आम्हाला फॅक्टरीचा कायदा लागत नाही," म्हणालास म्हणे. नसेल लागत. मी कोपऱ्यातल्या, पत्र्याच्या पट्टीतून पार्ट काढायच्या पन्नास टनी प्रेसचं बोलतेय.

तुला वाटलं, ती महागडे सेन्सर गळ्यात मारणार. उलट ती मला फोनवर म्हणाली, "काकू, तिथे सेन्सरचा उपयोगच नाही. की-क्लचची प्रेस आहे, एकदा पेडल दाबलं की फेरा पुरा करूनच थांबते. मध्ये हात आला तरी." अशा प्रेसला डायभोवती, म्हणजे साच्याभोवती, पक्की जाळी लागते, पट्टी सरकेल एवढी फट, बोट जाणार नाही अशी. पेडलवर आडोसा, वरून काही पडून स्ट्रोक, म्हणजे प्रेसचा ठोका, बसू नये म्हणून. सुटा पार्ट उचलायला चिमटा. जाळी तर आपला शेजारचा वेल्डिंगवाला करून देईल.

तुझ्या बाबांच्या प्रेसला गार्ड होता. १९९४ साली भोसरीत. पार्ट कमी निघतात म्हणून काढून भिंतीला टेकवलेला. मी त्यांचा डबा नि चपला आणायला गेले, तेव्हाही तिथेच होता. पेडलवरून पाय काढला होता, तरी स्ट्रोक दुसऱ्यांदा बसला, एवढंच ते सांगायचे. पुढे पंगतीत डाव्या हाताने जेवायची लाज, म्हणून लग्नाकार्याला जाणंच सोडलं. आत्याच्या लग्नातसुद्धा स्वयंपाकघरात आचाऱ्याजवळ बसून जेवले. तू तेव्हा त्यांच्या उरलेल्या बोटाला धरून चालायचास, "बाबांचं छोटं बोट" म्हणायचास.

त्याच हाताने त्यांनी तुझ्या कर्जाला जामीन म्हणून सही केली. जुळत नाही म्हणून बँकेने दोनदा परत पाठवली होती. शॉपची पाटी लागली त्या दिवशी ते रस्त्यापलीकडे जाऊन ती कितीतरी वेळ बघत होते, तुला माहीत नाही.

४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ घेतलीत, तो फोटो तू ग्रुपवर टाकलास. सगळ्यांच्या डोक्यावर पिवळी हेल्मेटं, छान. मागे तीच प्रेस, उघडी. प्रेसवर बसणाऱ्याचं डोकं नाही रे जात.

लेक्चर झालं, माहीत आहे. तू रात्र रात्र जागून धंदा उभा केलास, पार्टीचं पेमेंट तीन-तीन महिने अडकतं, हे मला कळत नाही असं समजू नकोस. तुझी हिशेबाची वही मीच लिहायचे. राहू दे.

पण सूनबाई म्हणाली, परवापासून रात्रपाळीला त्या प्रेसवर लातूरकडचा नवा पोरगा बसवला आहेस. एकोणीस वर्षांचा. तो हाताने पार्ट काढतो की चिमट्याने, तेवढं कळव.

घरी आलास की डब्याची झाकणं आण. तीन झाली.

तुझी
आई

ता. क. त्या सेफ्टीवाल्या मुलीची फी मी भिशीतून दिली आहे. बुधवारी अकराला येईल. बाबाही येतो म्हणतायत.