वादळ ‘धडकणार कधी’ यापेक्षा वारा ‘पोचणार कधी’ ते छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हरिकेन (अटलांटिक व पूर्व पॅसिफिकमधले तीव्र चक्रीवादळ) किनाऱ्याकडे निघाले की बातमीत ठळक टाइपात दोनच गोष्टी येतात : ते धडकणार कधी आणि त्याची श्रेणी किती. किनाऱ्यावर तयारी करणाऱ्याला या दोन्हींचा उपयोग बेताचाच. त्याची कामाची वेळ वादळाचे केंद्र जमिनीवर आल्यावर संपत नाही, वाऱ्याने ताशी 63 किलोमीटरचा वेग गाठला की संपते. मग शिडीवर चढून फळी ठोकता येत नाही, उंच गाड्यांना पूल ओलांडणे धोक्याचे होते आणि रुग्णवाहिका व अग्निशमनच्या गाड्याही साधारण याच सुमारास थांबवल्या जातात. मोठ्या घेराच्या वादळात हा वारा केंद्राच्या कित्येक तास आधी येतो. अमेरिकेचे राष्ट्रीय हरिकेन केंद्र म्हणूनच पहिली सूचना असा वारा येण्याच्या 48 तास आधी आणि पक्का इशारा 36 तास आधी देते. बातमीत नेमका हा तपशील गळतो आणि वाचकाला वाटते, अजून उद्या रात्रीपर्यंत वेळ आहे.

घड्याळ उलटे मोजून पाहा. समजा, सखल भाग रिकामा करायला 14 तास लागतात आणि वारा गुरुवारी दुपारी 2 वाजता पोचणार आहे. हिशेबाने बुधवारी मध्यरात्री आदेश दिला तरी चालेल. पण मध्यरात्री कोणी घर सोडत नाही. म्हणजे निर्णय बुधवारी दुपारीच व्हायला हवा. अंथरुणाला खिळलेले, ऑक्सिजनवर असलेले, स्वतःचे वाहन नसलेले यांना हलवायला त्याहूनही आधी सुरुवात करावी लागते. त्यांची यादी इशारा आल्यावर करायला घेतली तर तोवर उशीर झालेला असतो. शिवाय 48 तास मिळतीलच असेही नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये ‘ओटिस’ साधारण एका दिवसात साध्या उष्णकटिबंधीय वादळातून पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत गेले आणि मेक्सिकोतल्या अकापुल्कोवर आदळले.

श्रेणीचे दुखणे वेगळे आहे. सॅफिर-सिंप्सन श्रेणी फक्त वाऱ्याचा वेग सांगते, पाण्याबद्दल अवाक्षर काढत नाही. 2008 चे ‘आइक’ दुसऱ्या श्रेणीचे होते. तरी टेक्सासच्या बोलिव्हर द्वीपकल्पावर त्याने साडेचार ते सहा मीटर उधाण (वाऱ्याने किनाऱ्यावर रेटलेले समुद्राचे पाणी) आणले. 2005 मध्ये ‘कॅटरिना’ तिसऱ्या श्रेणीत असताना मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पाणी आठ मीटरच्या वर चढले. वादळाचा घेर, समुद्रतळाचा उतार, किनाऱ्याला भिडण्याचा कोन आणि त्या वेळची भरती यांवर उधाण ठरते. उथळ, हळूहळू खोल होत जाणाऱ्या किनाऱ्यावर पाणी जास्त चढते. उत्तर गोलार्धात वादळाच्या वाटचालीच्या उजव्या बाजूला वारा समुद्राकडून जमिनीकडे रेटतो, म्हणून उधाणाचा जोरही तिकडेच अधिक. आणि हे पाणी साधे साचत नाही, ते वाहते. एक घनमीटर समुद्राचे पाणी एक टनाहून जड असते. फूटभर वाहत्या पाण्यात लहान मोटार तरंगू लागते.

तेव्हा बातमीत जागा एकाच आकड्यापुरती असेल, तर जमिनीपासून पाणी किती उंच चढेल तो आकडा द्यावा. भरतीच्या पातळीपासून मोजलेल्या उंचीवरून घरात पाणी कमरेपर्यंत येईल की छतापर्यंत, हे कोणाला कळत नाही. सोबत उधाण-क्षेत्रांचा नकाशाही हवा, कारण सगळ्यांनीच पळणे हाही धोका आहे. 2005 च्या ‘रीटा’च्या वेळी ह्यूस्टन परिसरातून गरज नसलेलेही लाखो लोक निघाले, रस्ते तुंबले, गाड्यांत उष्म्याने माणसे दगावली. पाण्यापासून पळावे, वाऱ्यापासून लपावे, हा नियम. उधाण-क्षेत्राबाहेरच्या पक्क्या घरात राहणाऱ्याने बहुतेक वेळा घरीच थांबावे आणि रस्ता इतरांसाठी मोकळा ठेवावा.

घरासाठी खिडक्यांवर निदान 16 मिलिमीटर जाडीचे प्लायवुड लागते. ते चौकटीच्या बाहेर चारही बाजूंनी 10 सेंटिमीटर यायला हवे आणि स्क्रू भिंतीच्या लाकडात पाच सेंटिमीटर तरी शिरले पाहिजेत. तुकडे हंगामापूर्वीच कापून त्यांवर खिडकीचा क्रमांक लिहून ठेवावा. इशाऱ्यानंतर दुकानात प्लायवुड मिळत नाही. काचेवर चिकटपट्टीची फुली मारल्याने काच वाचत नाही, उलट मोठे धारदार तुकडे उडतात. ‘दाब समान राहावा’ म्हणून खिडकी उघडी ठेवणे तर वारा आत घेऊन छताला खालून रेटायला मोकळीक देणे आहे. मोठे गॅरेजचे दार हे घराचे सर्वांत कच्चे अंग. ते आतून आडव्या पट्ट्यांनी बांधावे. इशारा आल्यावर झाडे छाटू नयेत. फांद्या उचलणारी गाडी येणार नसते आणि त्याच फांद्या वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या खिडकीत जातात.

बोटींबाबत सर्वांत जास्त चुका होतात. बोट पाण्याबाहेर काढणे उत्तम. पण नुसत्या टेकूंवर ठेवू नये. पावसाने माती भुसभुशीत होते आणि टेकू खचतात. त्यांखाली प्लायवुडचे तुकडे घालावेत, समोरासमोरचे टेकू साखळीने जोडावेत आणि बोट पट्ट्यांनी जमिनीतल्या नांगराला आवळावी. पाण्यातच ठेवायची झाली तर आखूड दोर घात करतो : पाणी तीन मीटर चढले की बोट खुंट उपटते किंवा स्वतःच बुडते. दोर लांब, आडवे आणि दुहेरी हवेत. नायलॉन ताणला जातो, धक्का पचवतो. पण जिथे तो वळतो तिथे सततच्या घर्षणाने आतून तापून वितळू शकतो. त्यावर रबरी नळी चढवली तर पावसाचे पाणी पोचत नाही आणि तो आणखी तापतो. जाड कापडाचे वेष्टण बरे. शिडे गुंडाळून ठेवू नयेत, उतरवावीत. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, गेल्यावर वारा उलट दिशेने येतो, तेव्हा एकाच बाजूने बांधलेली बोट सुटते. बोटीवर मात्र कोणी थांबू नये.

पिण्याचे पाणी माणशी रोज चार लिटर, किमान तीन दिवसांचे. नळाचा भरवसा गेल्यास एका लिटरला सुगंध नसलेल्या घरगुती ब्लीचचे दोन थेंब, पाणी गढूळ असेल तर चार, आणि अर्धा तास थांबावे. जनरेटर घरापासून किमान सहा मीटर दूर, धूर घराच्या उलट दिशेला जाईल असा ठेवावा. उघड्या खिडकीशेजारी किंवा गॅरेजात कधीच नाही, दार सताड उघडे असले तरीही. 2020 च्या ‘लॉरा’नंतर लुइझियानात जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साइडने अनेकांचे प्राण घेतले. या वायूला वास नसतो. तो ओळखून गजर करणारा, बॅटरीवर चालणारा सूचक झोपण्याच्या खोलीबाहेर लावावा.

आपले,
किनारी आपत्तिसज्जतेचे काम करणारे काही वाचक