बाबांच्या हातात ब्रश देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी प्रयोगशाळेतून निघताना बाबांचे डोळे भरून आले होते, मलाही धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

कर्जणजवळच्या आमच्या शेतात बीटी कपाशीवर, म्हणजे अळीला मारणारं प्रथिन स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीवर, गुलाबी बोंडअळी पडली. आधी डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्याने न उमलता मिटून राहिलेली फुलं, दिसल्या. मग बोंडं वरून हिरवीगार, पण फोडली की आत सरकी पोखरलेली आणि कापसाची कवडी झालेली. बियाणं विकणाऱ्याने बाबांना उभ्याउभ्याच ऐकवलं, "फवारणी वेळेवर केली नसेल." ज्यांचं कामच सल्ला देण्याचं, त्या साहेबांनी शेतात पाऊल न टाकता "बोगस बियाणं घेतलं असेल" म्हणून फोन ठेवला. जन्मभर कपाशी केलेला माणूस! बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे, जेवणावरची वासनाच उडाली होती.

तुम्ही मात्र पिशवीभर बोंडं ठेवून घेतलीत. पानाचा रस काढून त्यात चाचणीची पट्टी बुडवलीत, पानात बीटी प्रथिन असल्याची रेघ उमटली. बियाणं खरं होतं. पुढच्या चाचण्यांचं मला फारसं कळत नाही, पण निकालाचा दिवस लख्ख आठवतो.

दोन ट्रे शेजारी शेजारी. प्रत्येक खणात तेच बीटी प्रथिन मिसळलेलं खाद्य, दोन्हींत सारख्याच मात्रेचं. एकात प्रयोगशाळेत वाढवलेल्या, बीटी कधीच न चाखलेल्या अळ्या, सुकून दोऱ्यासारख्या झालेल्या. दुसऱ्यात आमच्या शेतातल्या अळ्यांची पिल्लं. तुम्ही बारीक ब्रश बाबांच्या हातात दिलात. "काका, तुम्हीच हलवून बघा. हलली तर जिवंत." स्वतःचं स्टूल त्यांना दिलंत आणि उभ्या राहून ते सांगतील तसं लिहीत गेलात. एका अळीने तपकिरी डोकं वळवलं आणि पुन्हा खाद्यात घुसली. "ही तर मजेत आहे," बाबा म्हणाले. किती दिवसांनी त्यांचा आवाज खणखणीत निघाला!

नुसता कागद हातात ठेवला असतात तरी तुमचं काम झालं असतं. तुम्ही मात्र समजावून सांगितलंत: अळीच्या पोटातल्या अल्कली रसात हे बीटीचं क्राय प्रथिन विरघळतं, आतड्याच्या अस्तराला चिकटून भोकं पाडतं, पण ज्या अळ्यांमध्ये चिकटायची जागाच बदलली आहे, त्या जगतात. सौराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत ही अळी क्राय१एसी या बीटी प्रथिनाला दाद देत नाही, हे २०१० सालीच जाहीर झालं होतं, हेही तुमच्याकडूनच कळलं. मग त्या दोघांना ते ठाऊक नसावं? आणि ठाऊक असूनही बाबांवर ढकललं असेल, तर त्याला काय म्हणावं?

शेतकऱ्याला खुर्ची देणारी, त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणारी माणसं बडोद्यात आहेत, याचा मला फार अभिमान वाटतो.

बाबांनी फरदड न ठेवता, म्हणजे हंगामानंतर पीक पुढे न लांबवता, पऱ्हाट्या वेळेवर उपटल्या. पुढच्या हंगामासाठी नर पतंगांना मादीच्या वासाने ओढून पकडणारे कामगंध सापळे आणून ठेवलेत. चाचणीसाठी आणखी बोंडं लागली तर नक्की कळवा, ते स्वतः घेऊन येतो म्हणतात.

तुमची,
कर्जणच्या काकांची लेक