खांदा त्याचा, जागा तुझी

चि. सोनूस,

अनेक आशीर्वाद.

फोनवर "बेसबॉलच्या संघात थर्ड बेसवर मला घेतलंय" म्हणालास आणि त्याच दमात, आधी तिथे खेळणाऱ्या मुलाबद्दल, "त्याचा खांदा गेला म्हणून" असंही जोडलंस. आईला आनंद झाला. तू मात्र कुणाच्या तरी खिशातून काढून घेतल्यासारखा बोलत होतास. व्हॉट्सॲपवर एवढं लिहिता येत नाही, म्हणून हे पत्र.

न्यूयॉर्कच्या यँकीज संघाचं २०१९ आठव. त्या एका मोसमात त्यांचे ३० वेगवेगळे खेळाडू इंज्युरी लिस्टवर, म्हणजे जखमींच्या यादीत, गेले. तोवर कुठल्याच संघावर अशी वेळ आली नव्हती. फटकेबाज स्टॅन्टन मोसमभरात १८ सामने खेळला. दुसरा फटकेबाज ॲरन जज दोन महिने बाहेर. पिचर सेव्हेरिनो सप्टेंबरपर्यंत दिसलाच नाही. दुसरा पिचर बेटान्सेस सप्टेंबरमध्ये कसाबसा परतला, दोन बॅटर बाद केले, खुशीत जरा उडी मारली आणि टाचेची शीर दुखावून बसला. आजी साताऱ्याहून म्हणाली होती, "त्या पोरांची कुणीतरी दृष्ट काढा रे!" तरी १०३ सामने जिंकले. पुढे ह्यूस्टनने घरी पाठवलं, ते सोड.

त्या वर्षी ज्याच्या त्याच्या तोंडी "नेक्स्ट मॅन अप" होतं, म्हणजे एक गेला की पुढचा उभा. मला ते कधी पटलं नाही. जणू रांगेतला कुणीही उचला आणि उभा करा! टॉकमन मोसम सुरू व्हायच्या आठवडाभर आधी कोलोरॅडोकडून आला. मेबिनला क्लीव्हलँडकडून नुसते पैसे मोजून आणलं. दोघांनीही सामने काढून दिले, पण प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने.

उर्शेलाचं तर बघच. कार्ताहेनाचा हा पोरगा क्लीव्हलँड आणि टोरोंटो करून आलेला. फिल्डिंग देखणी, पण बॅटिंगची सरासरी .२२५. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये यँकीजनी त्याला घेतला तेव्हा पेपरात दोन ओळी आल्या असतील-नसतील. तो गेला स्क्रॅन्टनला, ट्रिपल-एमध्ये, म्हणजे मुख्य लीगच्या एक पायरी खाली. तिथे त्याने प्रशिक्षकांबरोबर बॅटिंग पार खोलून पुन्हा जोडली, विशेषतः पायांची हालचाल. यँकीजच्या थर्ड बेसवर तेव्हा अँडुहार होता आणि त्याचा खांदा धडधाकट होता. थर्ड बेसची जागा मिळेल असं उर्शेलाला कुणी सांगितलेलं नव्हतं. मग २०१९ मध्ये संधी आली आणि गड्याने .३१४ ची सरासरी राखली आणि २१ होमरन, म्हणजे थेट कुंपणापार फटके, मारले. लोक होमरन मोजतात. मला आठवतो तो रेषेला लागून जाणारा चेंडू: हा उजवीकडे झेपावतो, गुडघ्यावरून उठता उठता फर्स्टला थ्रो करतो, आणि बॅटर अर्ध्या वाटेतच मान खाली घालतो.

आता अँडुहारचं. २०१८ मध्ये त्याने २७ होमरन मारले होते, सर्वोत्तम नवोदित खेळाडूच्या मतदानात ओहतानीनंतर दुसरा होता. मार्चअखेर थर्ड बेसवर परत झेपावताना खांदा फाटला. मे महिन्यात खेळून पाहिलं, जमलं नाही, ऑपरेशन झालं. बरा होऊन आला तोवर थर्ड बेस उर्शेलाचा झाला होता. त्याला लेफ्ट फील्डमध्येही उभं करून पाहिलं, पण जुनी जागा काही मिळाली नाही. अन्याय म्हणशील तर यात कुणी कुणावर केलेला नाही. उर्शेलाने वाईट खेळून त्याचा खांदा जुळणार होता थोडाच?

म्हणून सांगतो, "मी आपला तात्पुरता" असं म्हणत उभा राहू नकोस. तुमचा तो खांदा दुखावलेला गडी चौथ्या नंबरवर येऊन कुंपणापार मारायचा, तुला ते करायला कुणी सांगितलेलं नाही. तुझा हात सरळ आहे, बंट झाला, म्हणजे बॅटरने चेंडू नुसता हलकेच पुढ्यात टाकला, की तू इतरांच्या आधी पुढे धावतोस, ते कर. पहिल्या सामन्यात एखादा चेंडू पायांखालून जाईलही. बाबाला त्याचं काही वाटणार नाही, आईला वाटेल.

आणि त्याला भेटायला जा. "लवकर बरा हो" असा मेसेज टाकून मोकळा होऊ नकोस, खोलीवर जा. थर्ड बेसवर उन्हाचा त्रास कुठल्या इनिंगला होतो, तुमच्या शॉर्टस्टॉपची, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या गड्याची, हाक कशी असते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही. विचारलंस तर त्यालाही बरं वाटेल, नाही वाटलं तर चिडेल. चिडू दे.

तुझा जुना ग्लोव्ह माळ्यावर सापडला, त्याची दोरी बदलून आणतो. शनिवारी आम्ही दोघं येतोय. गाडी कुठे लावायची ते कळव, मागच्या वेळी दंड भरलाय.

तुझा,
बाबा