तट पावसाने पडला नाही, मंत्रिमहोदय

मा. मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र शासन, मुंबई

सविनय नमस्कार.

राज्यातल्या गडकिल्ल्यांचे जतन आपल्या अखत्यारीत येते, म्हणून हे पत्र आपल्याला. यंदाच्या पहिल्याच मोठ्या पावसात आमच्या भागातल्या एका गडाचा दुरुस्त केलेला तट ढासळला. गडाचे नाव या जाहीर पत्रात मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिले की एखाद्या अभियंत्याची बदली होते आणि प्रकरण तिथेच मिटते. दुरुस्तीला पुरते दोन पावसाळेही झाले नव्हते. दगडांचा ढीग थेट चढणीच्या वाटेवर आला. त्या वेळी वाटेवर कोणी नव्हते, एवढेच नशीब. कामाचा फलक मात्र अजून उभा आहे आणि त्यावर 'पारंपरिक चुन्यात जतन व संवर्धन' असे लिहिले आहे. ढिगातून हाती येतात ती सिमेंटची ढेकळे. दगडाला चिकटलेला राखाडी पापुद्रा नखाने सुटतो आणि त्यामागे गडावरचीच लाल माती ठासलेली दिसते.

कागदावर 'अतिवृष्टीमुळे नैसर्गिक पडझड' असा शेरा पडला आहे म्हणे. हा शेरा आम्हाला मान्य नाही. या तटावर साडेतीनशे वर्षे पाऊस पडतो आहे. तो कशाने पडला, हे आपल्या कार्यालयात कोणी सांगणार नसेल तर इथे सांगतो.

गडाचा तट म्हणजे एक भिंत नसते. बाहेरून घडीव दगडांचा एक पदर, आतून दुसरा, आणि मध्ये चुन्यात किंवा मातीत बसवलेली दगडगोट्यांची भर. वर फांजी, म्हणजे तटावरून चालायची वाट. त्या फांजीवर चुन्याचा कोबा असायचा, थापीने ठोकून ठोकून घट्ट केलेला आणि पाणी साचू नये इतपत उतार दिलेला. हा कोबा तटाची छत्री होती. आज बहुतेक गडांवर तो फुटलेला आहे, त्यातून गवत उगवले आहे, आणि पाऊस सरळ भरीत उतरतो. उतरलेल्या पाण्याला बाहेर पडायला जुन्या तटात वाट होती, कारण चुन्याची दरज, म्हणजे दोन दगडांमधली सांध, श्वास घेते. ओल आत येते तशी बाहेरही जाते. आपल्या ठेकेदाराने काय केले? फांजीला हात लावला नाही, आणि बाहेरच्या दरजा सिमेंटने लिंपून टाकल्या. म्हणजे वरून पाणी आत येणार आणि दर्शनी बाजूने बाहेर पडायला जागा नाही. भर फुगते, माती दगडांना बाहेर ढकलते, तटाच्या पोटाला फुगवटा येतो आणि एक दिवस तो पदर सुटून येतो. कित्येकदा धो धो पावसात नाही, पाऊस उघडल्यावर दोन दिवसांनी. सिमेंट भरलेल्या दरजेवर हातोडी मारून पाहा. धरलेली असेल तिथे खणखणीत वाजते, सुटलेली असेल तिथे भद्द आवाज येतो. दगडावर पांढरे क्षार फुटलेले दिसतात, ती याच कोंडलेल्या ओलीची खूण.

चुना हे काही हरवलेले शास्त्र नाही. अनेक गडांवर चुना मळायच्या घाणीचे गोल चर आणि दगडी चाके अजून पडून आहेत. चांगली चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, आणायची, पाण्यात विझवायची, गाळायची आणि निदान पंधरा दिवस, जमल्यास महिनाभर पाण्याखाली मुरू द्यायची. एका भागाला दोन ते तीन भाग धुतलेली वाळू, त्यात सुरखी (विटांची भुकटी), गूळ आणि बेलफळाचे पाणी, आणि मग घाणीत मळणी. दरज आधी कोरून साफ करायची, भिजवायची, मग भरायची आणि वर ओले गोणपाट टाकून दोन-तीन आठवडे ओलावा टिकवायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत घट्ट होतो, त्यामुळे जाड कामाला महिने लागतात. घाई त्याला चालत नाही. पाथरवट आणि गवंडी अजूनही हे काम जाणतात. त्यांना कोणी बोलावत नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि इथेच, मंत्रिमहोदय, आमचे मूळ भांडण आहे. गडाचे वर्ष दसऱ्याला सुरू होते, शासनाचे एप्रिलला.

पाऊस सरला की गडावरची पाण्याची टाकी तुडुंब असतात, हवेत गारवा असतो, वाटा वाळलेल्या असतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच चुन्याच्या कामाचा हंगाम. त्या वेळी फाइल कुठे असते? अंदाजपत्रकात, तांत्रिक मंजुरीत, निविदेत. कार्यादेश निघतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारण 31 मार्चच्या आत निधी खर्ची पडलेला दिसायला हवा. काम उभे राहते एप्रिल-मेमध्ये. तेव्हा टाक्यांच्या तळाला चिखल उरलेला असतो, ऊन रणरणत असते, चुना ओला ठेवायला पाणी नसते. मग सिमेंट येते, कारण ते लवकर घट्ट होते आणि छायाचित्रात नीट दिसते. जूनमध्ये पाऊस येतो. पुढचे वर सांगितलेच आहे.

पैशाचे गणितही तसेच. एक ब्रास (शंभर घनफूट) वाळू म्हणजे साधारण साडेचार टन. डोक्यावर 25 किलोची खेप धरली तर 180 खेपा. दीड तासाच्या चढणीला माणूस दिवसाला दोनच खेपा करतो. म्हणजे फक्त एक ब्रास वाळू वर पोचवायला एका माणसाचे 90 दिवस. पाणी, चुना, परांचीची लाकडे आणि मजुरांचे राहणे याच्या वर. अंदाजपत्रकात ही वाहतूक सपाटीवरच्या रस्त्याच्या दराने धरली, की ठेकेदार ती वाचवायला बघणारच. वाळूऐवजी गडावरची माती खोदली जाते, आणि नवीन दगडाऐवजी पडक्या वाड्याच्या जोत्याचे घडीव चिरे उचलले जातात. एक तट बांधायला गडावरचीच दुसरी वास्तू मोडली जाते. याला संवर्धन म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

खरे तर एवढ्या मोठ्या दुरुस्त्यांची वेळच यायला नको होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्याच्या कारभारावरच्या ग्रंथात, दरवर्षीचे काम सांगून ठेवले आहे. तटावर वाढलेली झाडे कापायची, तटावरचे आणि तटाखालचे गवत जाळायचे, गड न्हाणायचा. न्हाणणे हा शब्द पाहा. लेकराला न्हाऊ घालावे तशी गडाची निगा. पिंपळाचे रोप दरजेत वीतभर असते तेव्हा ते दोन बोटांनी उपटून येते. तीन पावसाळे गेले की ते मनगटाएवढे होते आणि मुळे भरीत शिरतात. मग ओढून काढले तर दगडही बरोबर येतो. तेव्हा बुंधा कापून, दगडांना क्रमांक देऊन, तेवढा भाग उतरवून, मूळ काढून पुन्हा रचावा लागतो. दोन बोटांचे काम लाखाचे होते ते असे. मेटकऱ्यांचा, म्हणजे गडाच्या उतारावरच्या चौक्यांतल्या पहारेकऱ्यांचा, गडावर बारमाही राबता होता, म्हणून ते वेळेवर होत असे. आज पायथ्याच्या गावातली पोरे स्वतःहून टाक्यातला गाळ काढायला येतात तर त्यांना परवानगी नाही म्हणून अडवतात, आणि परवानगीचा अर्ज महिनोन्महिने उत्तराविना पडून राहतो. गाळ शास्त्राने काढायला हवा, त्यात अवशेष मिळू शकतात, हे आम्हालाही कळते. मग जाणकार माणूस पाठवा, आणि त्याच्या देखरेखीखाली काम होऊ द्या.

जिथे पैसा दिसतो तिथे तो पायऱ्यांवर ओतला जातो. जुनी वाट फरसबंदी होती आणि पाणी दरीच्या बाजूला काढून देणारी होती. नव्या पायऱ्यांचा दगड यंत्राने कापलेला, गुळगुळीत. पहिल्याच श्रावणात त्यावर शेवाळ धरते. कडेला गटार नाही, आडवी पन्हळ नाही, त्यामुळे सगळा उतार पायऱ्यांवरूनच वाहतो. 2024 च्या जुलैत रायगडाच्या पायऱ्यांवरून लोंढे आले आणि लोक अडकले, हे सगळ्या राज्याने पाहिले. दगड छिन्नीने टाचून खरखरीत करा, पायरीची उंची सहा-सात इंचांपेक्षा जास्त ठेवू नका, दर वीस-पंचवीस पायऱ्यांना आडवी पन्हळ द्या. रेलिंगचे खांब कातळात रोवताना खालचा थर बघा. सह्याद्रीत काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये लालसर, ठिसूळ थर लागतो. त्यात रोवलेला खांब दोन वर्षांत हलू लागतो, आणि हलता आधार नसलेल्या आधारापेक्षा घातक, कारण माणूस त्यावर भार टाकतो.

गर्दीचे तर काय सांगावे. नाशिककडच्या हरिहर गडाच्या कोरीव पायऱ्या एका माणसाच्या रुंदीच्या. चढणारा आणि उतरणारा एकाच खोबणीत बोटे घालतात. पायथ्याला माणसे मोजा, चढण्याची आणि उतरण्याची वेळ वेगळी ठेवा, वर-खाली दोन माणसे दोर घेऊन बसवा. त्याऐवजी पावसाळा आला की सरसकट बंदीचा आदेश निघतो, आणि पायथ्याशी पिठले-भाकरीवर वर्ष काढणाऱ्या घराची चूल त्याच महिन्यांत थंडावते. अपघात झालाच तर स्ट्रेचर खांद्यावर घेऊन चढतात ती त्याच गावची माणसे. वर बायकांसाठी आडोशाचे स्वच्छतागृह नाही, आणि म्हणून किती मुली दिवसभर पाणी न पिता गड चढतात, हे कोणत्याही अहवालात येत नाही.

11 जुलै 2025 ला युनेस्कोच्या यादीत आपले किल्ले गेले. बारापैकी अकरा महाराष्ट्रातले, एक तामिळनाडूतला जिंजी. आम्हालाही छाती भरून आली. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार तर राज्याच्याच ताब्यातले. पण त्याच वर्षी अतिक्रमणे काढण्याचा आदेश निघाला, तेव्हा हिशेब समोर आला: 47 किल्ले केंद्राच्या संरक्षणाखाली, 62 राज्याच्या. राज्यात साडेतीनशेच्या वर किल्ले आहेत असे आपणच भाषणात सांगता. उरलेले कोणाचे? वन विभाग म्हणतो बांधकाम आमचे नाही, महसूल म्हणतो जमीन वनाची आहे. या दोघांच्या मध्ये बुरूज कोसळतो. आणि नव्या उभारणीला मात्र पैसा, वेळ, मान्यता सगळे झटपट मिळते. मालवणच्या राजकोटावर 4 डिसेंबर 2023 ला अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला, तेव्हा सबंध महाराष्ट्राची मान खाली गेली. समोर समुद्रात सिंधुदुर्ग उभा होता. त्याचे काम 1664 ला सुरू झाले.

म्हणून मागणी थोडी आहे. प्रत्येक संरक्षित गडाला दरवर्षी गड न्हाणण्याचा वेगळा निधी द्या, तो 31 मार्चला परत जाणार नाही असा. कार्यादेश दसऱ्याच्या आत निघू द्या. दरसूचीत चुना, घाणी आणि डोक्यावरची वाहतूक यांचे खरे दर घाला. ठेकेदाराचा दोषदायित्व काळ, म्हणजे बिघडलेले काम स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत, किमान तीन पावसाळ्यांचा ठेवा. पायथ्याच्या गावातली चार माणसे प्रत्येक गडाला बारमाही नेमा.

आणि एक काम या आठवड्याचे. ढासळलेल्या जागेच्या डावीकडे सुमारे दहा पावले तटाला अजून फुगवटा आहे. ओळंबा लावला तर मधला दगड वरच्या थराच्या वीतभर पुढे आलेला दिसतो. खालून शनिवार-रविवारी शेकडो माणसे जातात. ती वाट आजच दुसऱ्या बाजूने वळवा, तटाला लाकडी टेकू द्या, फांजीवर ताडपत्री बांधून पाणी तोडा. गडाचे नाव आपल्या कार्यालयाला स्वतंत्र पत्राने कळवले आहे. पोच मिळाली आहे, उत्तर नाही.

आपला,
एक दुर्गप्रेमी नागरिक