सोडणाला कचरा म्हणू नका

महोदय,

किनाऱ्यावरील कचऱ्याविषयी आपल्या अंकात आलेल्या बातमीत नारळाची सोडणे, म्हणजे कवटीवरची तंतुमय सालपटे, प्लास्टिकच्या पिशव्यांच्या पंगतीला बसवली आहेत, म्हणून हे पत्र. काथ्याला चिवटपणा येतो तो मुख्यतः लिग्निनमुळे. पेशीभित्तीतील सेल्युलोजच्या धाग्यांना जखडून ठेवणारे हे बहुवारिक (लांब साखळीच्या रेणूंचे द्रव्य) कापसाच्या तंतूत जवळजवळ नसते, तागात साधारण १२ ते १४ टक्के असते आणि काथ्यात मात्र ४० टक्क्यांच्या पुढे जाते. सोडणे खाऱ्या पाण्यात महिनोन्महिने कुजत घातली, की जीवाणू तंतूंना एकमेकांशी चिकटवणारे पेक्टिन खाऊन टाकतात. लिग्निन त्यांना सहजी पचत नाही, म्हणून काथ्या शाबूत निघतो. आमच्या विहिरीवरचा सुंभाचा दोर सदा ओला राहून काळा पडे, पण हाताला शेवटपर्यंत तसाच खरखरीत लागे.

खिडकीत राहिलेला आपलाच अंक उन्हाने पिवळा पडतो, तोही याच लिग्निनमुळे, कारण वृत्तपत्राच्या कागदात ते बरेचसे शिल्लक असते. पांढऱ्या, टिकाऊ कागदासाठी ते रसायनांनी काढावे लागते आणि उरलेला काळा द्राव बहुतेक गिरण्या बॉयलरमध्ये जाळतात. लगदा करण्याच्या सल्फाइट पद्धतीतून मिळणारी लिग्निनची संयुगे, लिग्नोसल्फोनेट्स, मात्र काँक्रीटमध्ये पाणी कमी लागावे म्हणून घातली जातात. नॉर्वेतील बोरेगार्ड कंपनी तर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडातील लिग्निनपासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा सुगंध, तयार करते.

कोकणाच्या कामाचा गुण याहून साधा आहे. दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून दाबले असता लिग्निन मऊ होऊन स्वतःच गोंदासारखे धरते. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथील संशोधकांनी काथ्या आणि त्याच्या तंतूंमधला भुसा वेगळे न करता अख्खे सोडण दळून, वरून कोणताही गोंद न घालता, त्याच्या कठीण फळ्या दाबून दाखवल्या आहेत. बाजारातल्या पार्टिकल बोर्डात सहसा फॉर्मल्डिहाइडयुक्त राळ असते, हे लक्षात घेतले तर या फळीचे मोल कळते. शहाळ्याच्या सोडणात पाणी फार, ते आधी वाळवावे लागेल आणि कोकणातल्या पावसाळ्यात ते सोपे नाही, ही अडचण खरी. पण सुक्या नारळाच्या सोडणाला ती तितकी नाही. काथ्या काढल्यावर मागे उरणाऱ्या भुशाच्या ढिगांवर तरी जिल्ह्यात एखादे दाबयंत्र बसवून हा प्रयोग व्हावा, एवढीच संबंधितांना विनंती आहे. तूर्त आमच्याकडची सोडणे आंघोळीच्या पाण्याखाली जळत आहेत.

– एक वाचक, वेंगुर्ले