आईच्या केसपेपरवर ती एक ओळ लिहिणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मॅडम नमस्कार,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पण ईएनटी ओपीडीत लाल पिशवीभर कागद घेऊन आलेली बडबडी आई म्हटलं की आठवेल बहुतेक. मानेच्या उजव्या बाजूला गाठ, दुखत नाही खुपत नाही, म्हणून आधी हळद-चुन्याचा लेप झाला, मग एक डॉक्टर चरबीची म्हणाले, दुसरे म्हणाले टीबीची असेल, सुईच्या तपासणीत नुसतं रक्त आलं आणि घरात सगळ्यांच्या डोक्यात कॅन्सर, फक्त तो शब्द कोणी काढत नव्हतं.

तुम्ही गाठ आडवी हलवली, हलली. वर-खाली हलेना. जरा दाबलीत तर आईला ठसका लागला, आम्ही पाणी शोधायला लागलो आणि तुम्ही परत दाबलीत, परत ठसका! (तेव्हा राग आला होता तुमचा, खरं सांगतो.) मग केसपेपरवर लिहिलंत, 'गाठ दाबली की कोरडा खोकला'. इतक्या कागदांत ही ओळ कुठेच नव्हती.

त्या खोकल्यावरूनच तुम्हाला व्हेगस नर्व्हचा, म्हणजे मानेतून जाणाऱ्या आणि घसा-स्वरयंत्र सांभाळणाऱ्या नसेचा, संशय आला. तिच्या आवरणातून उगवणारी गाठ, श्वानोमा, बहुतेक वेळा साधी. एमआरआयमध्ये तसंच निघालं, कॅरोटिड धमनी आणि जुगुलर शीर यांच्या मधे गाठ घुसलेली आणि दोघी बाजूला सरकलेल्या, तुम्ही ते कागदाच्या पाठीवर पेनने काढून दाखवलंत, तो कागद आई अजून पाहुण्यांना दाखवते.

फूटपट्टी लावून फोटो काढायच्या आधी परवानगीचा फॉर्म तिला मराठीत वाचून दाखवलात. दुर्बिणीने स्वरयंत्र बघितलंत, आवाज रेकॉर्ड करून ठेवलात. मला वाटलं एवढं कशाला. ऑपरेशनमध्ये वरचं आवरण उघडून गाठ आतून सोलून काढली, नर्व्ह राखली, तरी आवाज बसला. तसं होऊ शकतं हे तुम्ही आधीच सांगून लिहून ठेवलं होतं म्हणून घरात भांडणं झाली नाहीत, नाहीतर मावशी तुमच्या दारात आली असती. बायोप्सीत अँटोनी ए, अँटोनी बी, एस-१०० पॉझिटिव्ह असलं काय काय वाचून मी रात्री दोनपर्यंत जागा, आणि सकाळी तुमचं एकच वाक्य, "श्वानोमाच आहे, कॅन्सर नाही, पण ब्लॉकचा नंबर जपून ठेवा." (ब्लॉक म्हणजे लॅबने मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा.)

आवाजाचे व्यायाम चालू आहेत, मावशीला फोन आता अर्ध्या तासावर आलाय, आधी तासभर चालायचा.

सहा महिन्यांनी दाखवायला आलो तर तुमची पोस्टिंग बदललेली, भेट झाली नाही म्हणून हे पत्र. नवीन डॉक्टरांनी काही विचारलंच नाही, फाईल उघडून सगळं वाचलं आणि मानेला हात लावला. आई घोगऱ्या आवाजात त्यांना म्हणते कशी, "दाबा दाबा, आता नाही लागत ठसका."

तुमचा,
लाल पिशवीवाल्या आईचा मुलगा