ग्लिका नेराच्या वाटेवर भेटलेल्यांना

ग्रीसच्या क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, खोरा स्फाकिओनहून लुत्रोकडे जाणारी ई४ ही लांब पल्ल्याची पायवाट कड्याला धरून चालते. मधेच ग्लिका नेरा नावाचा किनारा लागतो, नावाचा अर्थ 'गोडं पाणी'. तिथे गाडीरस्ता नाही. पायी जा, नाहीतर होडीने.

उतरताना दगड निसटला आणि आईचा पाय मुरगळला. मागून येणाऱ्या जोडप्याने आपली काठी तिला दिली, आमची सॅक पाठीवर घेतली आणि खालपर्यंत तिच्याच चालीने चालले.

किनाऱ्यावरच्या आजीबाईंना आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्यांची. त्यांनी गोट्यांत हातांनी खड्डा केला, आपल्याकडे नदीच्या वाळूत झिरा खणतात अगदी तसा. लेफ्का ओरी डोंगरात मुरलेलं पाणी तिथे समुद्राला लागूनच वर येतं, खारटपणाचा मागमूस नाही आणि हात बधिर व्हावा इतकं गार. त्यात रुमाल भिजवून त्यांनी आईच्या घोट्याला बांधला, सुकला की पुन्हा भिजवला. दुपारभर.

संध्याकाळी होडीवाल्या दादांनी तिला अलगद उचलून बसवलं. जास्तीचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.

तुमची नावं विचारायची राहिली. आई आता नीट चालते. रुमाल तिने जपून ठेवलाय. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. एफ्खारिस्तो!